पाळी मागेपुढे व्हायला लागली, मग गर्भनिरोधक बंद करायचं का? चाळिशीनंतरच्या पर्यायांची सगळी माहिती

समजा, यवतजवळच्या एका वाडीवर राहणारी ४५ वर्षांची बाई आहे. मुलगी कॉलेजला जाते, मुलगा बारावीला आहे. गेल्या वर्षभरापासून तिची पाळी मागेपुढे होते आहे. कधी बावीस दिवसांनी येते, कधी दोन-दोन महिने येतच नाही. शेजारणी म्हणतात, "आता जायला आली तुझी, कशाला गोळ्या खातेस?" ती गोळ्या बंद करते. पुढे सलग तीन महिने पाळी येत नाही. मळमळतं, थकवा येतो. ती म्हणते, पित्त असेल, वय झालं. आणि चौथ्या महिन्यात सोनोग्राफी केल्यावर कळतं की दिवस गेलेत.

ही बाई काल्पनिक आहे, पण असं घडणं अजिबात दुर्मीळ नाही. कारण पाळी जायच्या आधीची काही वर्षं हा असा काळ असतो, जेव्हा पाळीवरून काहीच नक्की सांगता येत नाही. या काळात गर्भनिरोधन कधीपर्यंत चालू ठेवायचं, कोणतं साधन चालतं, कोणतं टाळायचं आणि थांबायचं कधी, ते या लेखात समजून घेऊया.

आधी नेमकं काय होतं ते बघू

सलग १२ महिने पाळी आली नाही, की रजोनिवृत्ती झाली असं डॉक्टर म्हणतात. म्हणजे रजोनिवृत्ती कधी झाली हे मागे वळून पाहिल्यावरच कळतं. भारतातल्या स्त्रियांमध्ये हे साधारण ४६-४७ व्या वर्षाच्या आसपास होतं. पाश्चात्त्य देशांत हेच वय ५१ च्या जवळ आहे. ही सरासरी झाली. कुणाची पाळी ४२ व्या वर्षी जाते, कुणाची ५३ व्या.

त्याआधीची काही वर्षं बीजकोश हळूहळू थकत असतात. दर महिन्याला बीज बाहेर पडेलच असं नसतं. म्हणून पाळी लांबते, लवकर येते, कधी जास्त अंगावर जाते, कधी नुसते डाग दिसतात. मध्येच अंगातून वाफा येतात, झोप लागत नाही, चिडचिड होते.

लक्षात ठेवायची गोष्ट ही, की बीज दर महिन्याला बाहेर पडत नसलं तरी अधूनमधून पडतं. दोन महिने पाळी आली नाही, आणि तिसऱ्या महिन्यात बीज बाहेर पडलं, तर त्याची आगाऊ सूचना मिळत नाही. गर्भ राहण्याची शक्यता विशीतल्यापेक्षा बरीच कमी झालेली असते. पण कमी होणं वेगळं आणि शून्य होणं वेगळं.

या वयात दिवस गेले तर काळजी कशाची?

चाळिशीनंतर गर्भपात आपोआप होण्याचं प्रमाण वाढतं. गरोदरपणात रक्तदाब आणि साखर वाढण्याचा धोका जास्त असतो. बाळाला डाउन सिंड्रोम असण्याची शक्यता पंचविशीत साधारण १,२५० मध्ये एक असते, ती ४० व्या वर्षी साधारण १०० मध्ये एक होते. याचा अर्थ चाळिशीतलं प्रत्येक गरोदरपण बिघडतं असा नाही. ज्यांना मूल हवं आहे त्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली जरूर विचार करावा. पण ज्यांना नको आहे, त्यांच्यासाठी हा प्रसंग शरीरालाही जड जातो आणि मनालाही. घरात मोठी मुलं असतात, सून आलेली असते, आणि "लोक काय म्हणतील" या भीतीने बाई दवाखान्यात जायला उशीर करते. नेमका हा उशीरच महाग पडतो.

महाराष्ट्रात हा प्रश्न कुणाचा आहे?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी जवळपास निम्म्यांनी नसबंदीची शस्त्रक्रिया करून घेतली आहे. पुरुषांच्या नसबंदीचं प्रमाण मात्र अर्ध्या टक्क्याच्याही आत आहे. ज्यांचं ऑपरेशन झालं आहे त्यांच्यासाठी हा विषय बहुतेक संपलेला असतो. बहुतेक म्हणायचं कारण एवढंच, की हे ऑपरेशनही क्वचित अपयशी ठरतं. त्यामुळे ऑपरेशन झालेलं असलं तरी पाळी चुकली तर तपासणी करून घ्यावी.

उरलेल्या स्त्रियांचं काय? कुणी तांबी बसवलेली असते, कुणी गोळ्या घेते, कुणी निरोधवर असते, आणि बऱ्याच जणी "दिवस मोजून" सांभाळत असतात. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

मराठी समाजात गर्भनिरोधनावर उघड बोलणं सुरू होऊन शंभर वर्षं उलटली. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. पण आजही आपलं बोलणं नवविवाहित जोडप्यापाशी आणि दोन मुलांमधल्या अंतरापाशी थांबतं. पंचेचाळिशीच्या बाईला कुणी विचारतच नाही की तू काय वापरतेस.

कोणकोणते पर्याय आहेत?

नुसतं वय वाढलं म्हणून कोणतंही साधन आपोआप बाद होत नाही. बाद होतं ते वयाबरोबर आलेल्या बीपी, शुगर, मायग्रेन, तंबाखू अशा गोष्टींमुळे. एकेक पर्याय पाहू.

१. तांबी (कॉपर टी)

यात हार्मोन नसतात. बीपी किंवा शुगर असलेल्या स्त्रियांनाही सहसा चालते. 'कॉपर टी ३८० ए' दहा वर्षं आणि 'कॉपर ३७५' पाच वर्षं काम करते. वर्षभरात १०० स्त्रियांपैकी एकीलाही जेमतेम दिवस जातात, इतकी ती खात्रीची आहे. वयाच्या चाळिशीत किंवा त्यानंतर ३८० ए बसवली असेल, तर अनेक देशांतले तज्ज्ञ ती पाळी जाईपर्यंत तशीच ठेवायला हरकत नाही असं मानतात. तुमच्या बाबतीत काय करायचं ते डॉक्टरांना विचारा.

अडचण एकच. तांबीमुळे अंगावर जाणं आणि पोटात दुखणं वाढू शकतं. आधीच जास्त जात असेल किंवा रक्त कमी असेल, तर तांबी योग्य नाही. आणि पाळी गेल्यावर ती काढून घ्यायची असते. "आता काय करायचंय काढून" असं म्हणून वर्षानुवर्षं आत ठेवू नये.

२. हार्मोनची तांबी

दिसायला कॉपर टीसारखीच, पण तिच्यातून थोडं थोडं हार्मोन गर्भाशयात सुटत राहतं. हिचा मोठा फायदा असा, की रक्तस्राव खूप कमी होतो. काहींची पाळी जवळजवळ थांबतेच. चाळिशीनंतर ज्यांना भरपूर जातं त्यांच्यासाठी हे एकाच साधनात गर्भनिरोधन आणि उपचार दोन्ही आहे. पहिले काही महिने मधूनमधून डाग दिसू शकतात. सरकारी मोफत साधनांमध्ये ती सहसा मिळत नाही, खासगीत काही हजार रुपये खर्च येतो. पण पिशवी काढण्याच्या ऑपरेशनशी तुलना केली तर हा खर्च बराच कमी आहे.

३. अंतरा इंजेक्शन

दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन. सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं. रोज लक्षात ठेवायची कटकट नाही, आणि घरात कुणाला सांगायचं नसेल तरी चालतं. मात्र या इंजेक्शनने हाडांची घनता थोडी कमी होते, आणि पाळी जाण्याच्या वयात हाडं तशीही ठिसूळ व्हायला लागलेली असतात. म्हणून ४५ नंतर डॉक्टरांशी बोलूनच चालू ठेवावं आणि पन्नाशीला दुसरं साधन निवडावं. बीपी, शुगर, तंबाखू अशा दोन-तीन गोष्टी एकत्र असतील, तर हे इंजेक्शन सहसा देत नाहीत.

४. छाया गोळी

लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत तयार झालेली ही भारतीय गोळी. तिच्यात इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन नसतं. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा घ्यायची. सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, आशाताईंकडेही मिळते. बीजकोशावर गाठी, नुकतीच झालेली कावीळ, यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर घेऊ नये.

या वयात तिची एक गंमत लक्षात ठेवा. छायामुळे पाळी लांबू शकते. त्यामुळे पाळी गोळीने लांबली की वयाने, की दिवस गेलेत, हे ओळखणं अवघड होतं. पाळी लांबली तर अंदाज बांधत बसू नका, लघवीची चाचणी करा.

५. माला-एन आणि तशा रोजच्या गोळ्या

या गोळ्यांत दोन हार्मोन असतात. निरोगी, बीपी नसलेल्या, सिगारेट-बिडी न ओढणाऱ्या स्त्रीला त्या पन्नाशीपर्यंत चालू शकतात. पाळी नियमित होते, अंगावर कमी जातं.

पण बीपी असेल, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली असेल, डोळ्यांपुढे चमकून येणारं मायग्रेन असेल, हृदयविकार किंवा पक्षाघात झालेला असेल, स्तनाचा कर्करोग झालेला असेल, किंवा पस्तिशीनंतर धूम्रपान चालू असेल, तर या गोळ्या घेऊ नयेत. मिश्री लावत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा, लाजू नका. बीपी शेवटचा कधी मोजला हे आठवत नसेल, तर आधी मोजून घ्या. वीस वर्षांपूर्वी चाललेली गोळी आज चालेलच असं नाही.

६. एकाच हार्मोनची गोळी

हिच्यात इस्ट्रोजेन नसतं, म्हणून बीपी असणाऱ्या बऱ्याच स्त्रियांनाही चालते. रोज ठरलेल्या वेळी घ्यावी लागते. खासगीत, डॉक्टरांच्या सल्ल्याने मिळते.

७. निरोध

कोणताही दुष्परिणाम नाही, आणि लैंगिक संबंधातून होणाऱ्या आजारांपासूनही बचाव होतो. हा दुसरा फायदा बाकी कोणत्याच साधनात नाही. मात्र प्रत्येक वेळी आणि नीट वापरला तरच उपयोग. प्रत्यक्षात वर्षभरात १०० जोडप्यांपैकी साधारण १३ जोडप्यांमध्ये तो फसतो. हा आकडा सर्व वयांचा आहे, चाळिशीनंतर धोका त्याहून कमी असतो.

८. ऑपरेशन: तिचं की त्याचं?

सरकारी नियमांनुसार २२ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रीची नसबंदी होऊ शकते. पण ४६-४७ व्या वर्षी, दोन-तीन वर्षांच्या प्रश्नासाठी पोटाचं ऑपरेशन करायचं का, याचा विचार करावा. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी त्यापेक्षा कितीतरी सोपी आहे. १५-२० मिनिटांत होते, त्याच दिवशी घरी जाता येतं, पुरुषत्वावर परिणाम होत नाही. फक्त त्यानंतर तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि वीर्य तपासून खात्री करून घ्यायची.

९. दिवस मोजणं

या वयात हे साधन नाहीच. पाळी नियमित असेल तरच दिवस मोजता येतात. पाळीच अनियमित झाली की मोजायचं कशावरून?

१०. तातडीची गोळी

निरोध फाटला किंवा काहीच वापरलं नाही, तर ७२ तासांच्या आत घ्यायची गोळी मिळते. जितकी लवकर घ्याल तितकी बरी. पाच दिवसांच्या आत तांबी बसवणं हा त्याहून खात्रीचा उपाय आहे. मात्र ही गोळी नेहमीचं साधन म्हणून वापरू नका.

"पिशवीच काढून टाकू" हा पर्याय आहे का?

नाही. गर्भाशय काढणं हे गर्भनिरोधन नाही. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण महाराष्ट्राला याचा कटू अनुभव आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांबद्दल ओरड झाल्यावर राज्य सरकारने २०१९ मध्ये चौकशी समिती नेमली. ८२,३०९ स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्यातल्या अनेकींचं वय चाळिशीच्या आत होतं.

दौंड हाही उसाचा तालुका. दर हंगामात ऊसतोड कुटुंबं या भागात येतात. अंगावर जास्त जातंय, पाळी अनियमित आहे, मूलही नको आहे, अशा वेळी "काढून टाका, मोकळ्या व्हा" हा सल्ला सोपा वाटतो. पण गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले तर एका दिवसात रजोनिवृत्ती येते, आणि हाडं आणि हृदय यांचा त्रास लवकर सुरू होऊ शकतो. गोळ्या किंवा हार्मोनची तांबी यांनी भागतं का, हे आधी विचारा. ऑपरेशन सुचवलं असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

मग थांबायचं कधी?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. नियम सोपा आहे.

• हार्मोन नसलेलं साधन (तांबी, निरोध) वापरत असाल आणि वय ५० पेक्षा जास्त असेल: शेवटच्या पाळीनंतर १ वर्ष चालू ठेवा.

• तेच साधन, पण वय ५० पेक्षा कमी असेल: शेवटच्या पाळीनंतर २ वर्षं चालू ठेवा.

• हार्मोनचं साधन वापरत असाल: पाळीवरून हिशेब करता येत नाही. रोजच्या दोन हार्मोनच्या गोळ्या घेताना जो स्राव येतो तो गोळीमुळे येतो, ती खरी पाळी नसते. इंजेक्शनवर पाळी थांबते, पण तीही रजोनिवृत्ती नव्हे. या दोन्ही गोष्टी पन्नाशीला बदलून दुसरं साधन घ्यावं. एकाच हार्मोनची गोळी ५५ पर्यंत चालते. ४५ नंतर बसवलेली हार्मोनची तांबीही ५५ पर्यंत ठेवता येते का, ते डॉक्टर सांगतील.

• ५५ वर्षं पूर्ण झाली की जवळपास सगळ्याच स्त्रिया साधन थांबवू शकतात.

उदाहरण घेऊ. शेवटची पाळी ४७ व्या वर्षी दिवाळीत आली, तर पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या दिवाळीपर्यंत साधन चालू ठेवायचं. ५१ व्या वर्षी दिवाळीत आली असेल, तर पुढची दिवाळी पुरे. मध्येच पाळी आली तर हिशेब पुन्हा शून्यापासून. भिंतीवरच्या कालनिर्णयवर दर पाळीची खूण करायची सवय लावा. डॉक्टरांनाही त्याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो.

तुमच्यासाठी काय? एक नजर

• अंगावर जास्त जातं: आधी तपासणी, मग हार्मोनची तांबी हा चांगला पर्याय.

• बीपी आहे: तांबी, हार्मोनची तांबी, निरोध. माला-एन नको.

• पाळी ठीक आहे, सारखं लक्षात ठेवायचं नाही: तांबी.

• नवरा तयार आहे: पुरुष नसबंदी किंवा निरोध.

• पाळीच्या वेळेचा भरवसा नाही आणि काहीच वापरत नाही: आज लघवीची चाचणी, नंतर साधन.

लोक नेहमी विचारतात

वाफा येतात म्हणून हार्मोनचा उपचार चालू आहे, वेगळं साधन लागेल का?
हो. रजोनिवृत्तीच्या त्रासासाठी दिलेल्या हार्मोनच्या गोळ्यांनी गर्भधारणा थांबत नाही.

रक्त तपासून पाळी गेली की नाही कळतं का?
एका तपासणीवरून नाही. या काळात हार्मोन आज वर, उद्या खाली असतात. विशिष्ट परिस्थितीत पन्नाशीनंतर डॉक्टर ही तपासणी सांगू शकतात.

नको असताना दिवस गेलेच तर?
गर्भपात कायदेशीर आहे. १९७१ चा कायदा आणि २०२१ ची दुरुस्ती यांनुसार २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचं मत पुरतं, आणि साधन फसलं हे कारण कायद्याला मान्य आहे. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही. नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मात्र मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून घेऊ नका. या वयात रक्त कमी असेल तर ते जिवावर बेतू शकतं.

डॉक्टरांकडे ताबडतोब कधी जायचं?
वर्षभर पाळी बंद राहून पुन्हा रक्त दिसलं, संबंधानंतर रक्त गेलं, तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागतंय, किंवा चाळिशीच्या आतच पाळी थांबली, तर थांबू नका. ही लक्षणं "वयाचं आहे" म्हणून सोडायची नाहीत.

कुठे जायचं?

यवतला ग्रामीण रुग्णालय आहे, दौंडला उपजिल्हा रुग्णालय आहे. अशा सरकारी रुग्णालयांत तांबी, अंतरा, छाया, माला-एन आणि निरोध मोफत मिळतात. गावातल्या आशाताईंकडे गोळ्या, निरोध आणि लघवीच्या चाचणीचं किट असतं. ही साधनं नवविवाहितांसाठीच असतात असं नाही. पंचेचाळिशीच्या बाईचाही त्यांवर तेवढाच हक्क आहे.

जाताना तीन गोष्टी सोबत न्या: शेवटच्या सहा पाळ्यांच्या तारखा, चालू औषधांची चिठ्ठी, आणि आधी कोणतं साधन वापरलं त्याची माहिती. एवढं असलं की योग्य साधन ठरवायला डॉक्टरांना फार वेळ लागत नाही.

*ही माहिती सर्वसाधारण समजुतीसाठी आहे. साधन निवडण्याआधी किंवा थांबवण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्या.*